पंडिता रमाबाई : अनेक भाषांची लेक, अनेक लेकींची गुरुमाउली

हर्सूलच्या आपल्या वस्तीत सायंकाळी फेरफटका मारला, तर एकाच गल्लीत चार भाषा कानी पडतात. एका ओट्यावर मराठवाडी मराठी, पलीकडे दखनी उर्दू, कामासाठी आलेल्या कुटुंबांची हिंदी आणि तांड्यावरून शहरात आलेल्या घरांतील गोरमाटी. या घरांतील मुले आईशी एका भाषेत बोलतात, खेळगड्यांशी दुसऱ्या, दुकानदाराशी तिसऱ्या. आणि शाळेत गेल्यावर इंग्रजी पुस्तकापुढे मान खाली घालून गप्प बसतात. गुणपत्रिकेत अशा मुलांच्या नावापुढे कच्चा असा शेरा येतो. मग आईवडील काळजीच्या सुरात धर्मगुरूंना विचारतात की, फादर, घरात आपली भाषा बोलणे बंद करू का?

हा प्रश्न ऐकला की आम्हांस एका थोर ख्रिस्ती स्त्रीचे स्मरण होते. तिच्या जिभेवर लहानपणापासून अनेक भाषा नांदत होत्या, तिची बुद्धी असामान्य होती, आणि तिला शिकविणाऱ्यांपैकी काहींनी तिला नीट ओळखले, तर काहींना ती पेलवली नाही. 5 एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्या कॅथोलिक नव्हत्या; अँग्लिकन ख्रिस्तसभेत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि महाराष्ट्राच्या ख्रिस्ती जीवनाला त्यांनी जे दिले, ते कोणत्याही एका पंथाच्या कुंपणात मावणारे नाही. शिक्षक, पालक आणि बोर्डिंगमधील मुलामुलींची जबाबदारी वाहणारे सिस्टर व फादर यांनी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावे, या हेतूने हा लेख.

अरण्यातील शाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. पुण्यात विद्यार्थिदशेत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले आणि स्त्रियांनाही ही विद्या मिळावी, असा ध्यास घेतला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो सफल झाला नाही. ती निवर्तल्यावर तीर्थयात्रेत, आपल्या जिल्ह्यातून वाहणाऱ्या याच गोदावरीच्या काठी एका गावी, स्नानाला आलेल्या एका गृहस्थाची व त्यांची ओळख झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थाच्या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्या मुलीचे नाव लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. नातेवाईक रुष्ट झाले, पंडितांनी आक्षेप घेतला, उडुपीच्या विद्वानांपुढे शास्त्रार्थ करून त्यांना आपली बाजू मांडावी लागली. अखेर ते पत्नीसह पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यप्रदेशात जाऊन राहिले. तेथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असताना दारिद्र्यामुळे कुटुंबाला ते स्थान सोडावे लागले. वेताच्या पेटाऱ्यात निजवून, मजुराच्या डोक्यावरून तिने आयुष्यातील पहिला प्रवास केला. त्यानंतर पुराण सांगत गावोगाव फिरणे हाच त्या घराचा धर्म झाला. वडील आता वृद्ध झाले होते, म्हणून धाकट्या मुलीचे शिक्षण आईने अंगावर घेतले. दिवसभर स्वयंपाक, पाहुणे आणि प्रवास. शिकविण्याला वेळ उरे तो पहाटेचा. पक्षी जागे होण्याआधी लक्ष्मीबाई लेकीला उठवून जवळ घेत आणि श्लोक म्हणवून घेत. वयाच्या बाराव्या वर्षी भागवत पुराणातील हजारो श्लोक रमेला मुखोद्गत होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आईवडिलांनी मुद्दाम शिकविले ते केवळ संस्कृत. मराठी तिला घरातील शुद्ध बोलण्यातून व वाचनातून आली. कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा तिने वाटेवर, धर्मशाळांत आणि बाजारांत कानांनी वेचल्या. एका भाषेचा पाया आईच्या मांडीवर पक्का झाला होता, म्हणून बाकीच्या भाषा त्यावर भिंतीप्रमाणे उभ्या राहिल्या. घरची भाषा तोडल्याने परकी भाषा येते, ही आजची समजूत किती निराधार आहे, हे रमाबाईंच्या बालपणावरून दिसून येते.

दुष्काळ आणि सन्मान

1874च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. अनंतशास्त्री गेले. त्यांच्यामागून अवघ्या काही आठवड्यांत लक्ष्मीबाई गेल्या. खांदा देण्यास पुरेसे लोक मिळेनात. तेव्हा रमेने स्वतः आईच्या तिरडीला हात लावला. उंची कमी पडत होती, म्हणून तिला आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघे हजारो मैल पायी भटकत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली.

तेथील पंडितांनी त्या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिच्या संस्कृत विद्वत्तेने थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाध्ययनाचा आग्रह केला. कारण तोवर स्त्री म्हणून तिला वेदांपासून दूरच ठेवण्यात आले होते. ज्ञानाच्या एका दाराशी सन्मान होतो आणि दुसरे दार बंदच असते, हा अनुभव त्यांना येथे प्रथम आला. पुढे तो अनेकदा यायचा होता.

1880 मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, मातृभाषाही निराळी. 1881 मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती निवर्तले. सिल्चर येथील त्या अल्पकाळच्या संसारात पतीच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंच्या हाती एक लहानसे पुस्तक लागले होते. ते होते संत लूकलिखित शुभवर्तमान, बंगाली भाषेतले. प्रभू येशूची पहिली ओळख त्यांना संस्कृतात झाली नाही, मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. वाटेवर शिकलेल्या बंगालीने ते दार उघडले. लहानपणी कानावर पडलेली कोणती भाषा देव केव्हा कामी आणील, हे कोणी सांगावे?

पुणे ते वाँटेज

1882 साली रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, ही त्यांची मागणी होती. स्वतः वैद्यकी शिकावी, या इच्छेने त्या 1883 मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाला पुस्तकाच्या विक्रीचा आधार झाला.

वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. या संघाच्या सिस्टर पुण्यातही सेवा करीत होत्या. तेथे एक सुंदर देवघेव ठरली. सिस्टरांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवावे आणि पुण्याला जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवावे. परदेशी आलेली विधवा केवळ उपकाराची धनी राहिली नाही. ती एकाच वेळी शिष्या आणि गुरू झाली. दुसऱ्या भाषेतून आलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा मान कोणता देता येईल?

29 सप्टेंबर 1883 रोजी, संत मायकलच्या सणाच्या दिवशी, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंच्या मनातील शंका दूर करण्यात फादर नेहेम्या गोऱ्हे यांचा मोठा वाटा होता. काशीचे हे शास्त्री स्वतः ख्रिस्ती झालेले. रमाबाईंच्या विद्येची जात त्यांना ठाऊक होती, म्हणून त्यांचे युक्तिवाद तिच्या अंतःकरणापर्यंत पोहोचले.

वैद्यकीचे स्वप्न मात्र मावळले. रमाबाईंना ऐकू कमी येत असे व तो दोष बळावत गेला. ज्या कानांनी इतक्या भाषा वेचल्या, तेच कान आता साथ देईनात. 1884 मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या गणित, विज्ञान व इंग्रजी वाङ्मय शिकत आणि संस्कृत शिकवीत.

शिष्येचे प्रश्न आणि गुरूंची कसोटी

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनी रमाबाईंची योग्यता ओळखली होती. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे, असा विचार पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. भारतात परतल्यावर अशा स्त्रीला आपल्या लोकांत मान राहणार नाही, अशी भीती त्यांना वाटत होती. रमाबाईंना याचे फार दुःख झाले. कलकत्त्याच्या पंडितांपुढे आणि पुण्याच्या सभांत पुरुषांसमोर बोललेल्या स्त्रीला, तिच्याच देशातील लोकांच्या नावाने, परक्यांनी अडवावे, हे त्यांना उमजेना.

त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशीही त्यांचे दीर्घ पत्रवाद झाले. त्रैक्य, बाप्तिस्मा, ख्रिस्तसभेचा अधिकार, एकाहून एक कठीण विषय. सिस्टरांचे रमाबाईंवर व मनोरमेवर खरे प्रेम होते. पण नवख्रिस्ती शिष्येने आज्ञा मानावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटून आल्यावर दुसऱ्या कोणाच्या हाती आपण आपली सदसद्विवेकबुद्धी देणार नाही. देवाने ती आपल्याला स्वतःला दिली आहे.

एक प्रसंग विशेष बोलका आहे. सिस्टरांच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. रमाबाईंनी सुचविले की, भारतीय भगिनींच्या क्रूसावर ती संस्कृतात असावीत. लॅटिनपेक्षा संस्कृत कोणत्या गुणाने उणी आहे? त्या काळी हे बोलणे अनेकांना उद्धटपणाचे वाटले असेल. आम्ही सेमिनरीत लॅटिनचे पाठ गिरविलेली माणसे. या प्रश्नापुढे आम्हांसही थोडे थांबावे लागते. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेतील मिस्साबलिदानाचा मार्ग खुला झाला. वाँटेजच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आणि ख्रिस्तसभेचे ते उत्तर, यांत जवळजवळ ऐंशी वर्षांचे अंतर आहे. बुद्धिमान शिष्याचा प्रश्न कधीकधी गुरूच्या काळाच्या पुढे असतो. त्याला उर्मटपणा समजून दडपायचे की दान समजून झेलायचे, ही गुरूची कसोटी होय. आणि हेही खरे की, पत्रवाद कितीही कडक झाला, तरी सिस्टर जेराल्डीन यांनी ती पत्रे जपून ठेवली. म्हणूनच आज आपल्याला ती कथा कळते.

अमेरिका आणि मराठी वाचनपुस्तके

मार्च 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे तेथेच राहिल्या. त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि मराठी मुलींसाठी सचित्र वाचनपुस्तके रचण्याचा उद्योग आरंभिला. 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आपल्या आईला अर्पण केले. पहाटेच्या त्या पाठांची फेड त्यांनी अशी केली. त्याच वर्षी बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेविषयीचे आपले अनुभव मात्र त्यांनी मराठीतच लिहिले. ते पुस्तक 1889 मध्ये निघाले. जगाला सांगायचे ते इंग्रजीत आणि घरच्यांना सांगायचे ते मराठीत, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. 1890 मध्ये ते पुण्यास आले. येथे बालविधवांना लिहिणे-वाचणे, इंग्रजी व शिक्षिकेचे काम शिकविले जाई. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. 1893 मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणकार्याच्या त्या आधारस्तंभ झाल्या. घरात ओझे मानल्या गेलेल्या मुली सदनात शिक्षिका म्हणून घडू लागल्या.

याच 1893 साली मोठे वादळ उठले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. रमाबाई कोणालाही सक्ती करीत नसत. परंतु स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दारही लावीत नसत. काही मुली त्यांच्या प्रार्थनेत येऊन बसू लागल्या. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना आपली फसवणूक झाली असे वाटले, तर त्यांच्या भावना समजण्यासारख्या आहेत. रमाबाईंची अडचणही समजण्यासारखी आहे. आपली श्रद्धा चोरून ठेवणे त्यांना खोटेपणाचे वाटत होते. आपल्या संस्थांत आजही सर्व धर्मांची मुले शिकतात. त्यांच्या पालकांचा विश्वास आणि आपली साक्ष, दोन्ही निष्कलंक राखणे किती नाजूक काम आहे, हे या प्रकरणावरून कळते.

केडगावची मुक्ती

1896–97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व स्त्रिया घेऊन आल्या. स्वतःच्या बालपणीचा दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या. दौंडजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली आल्या. आश्रमातील संख्या दीड हजारांच्या वर गेली.

या मुलींची कल्पना करा. कोणी गुजराती बोलणारी, कोणी हिंदी, कोणी मराठी, कोणी कानडी. बहुतेक निरक्षर, कित्येक आजारी, काही अंध. एकाच मापाने सर्वांना मोजणे सोपे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. लहानांसाठी बालोद्यान, मोठ्यांसाठी अक्षरओळख, जिला पुस्तकाची ओढ तिला पुढचे शिक्षण, जिचे हात कुशल तिला विणकाम, शेती, दुग्धशाळा, तेलघाणा वा छापखाना. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचता येऊ लागले. या अंध मुलींपैकी काही पुढे इतरांना शिकवू लागल्या. ज्यांच्यात काही गुण असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यांच्यात तो शोधणे, हेच मुक्तीचे खरे वैशिष्ट्य होय. पुढे मनोरमाबाईंनी आपल्या मराठवाड्याप्रमाणेच निजामी राज्यात असलेल्या गुलबर्गा येथेही शाळेचे कार्य केले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एक शेवटचा विद्याभ्यास आरंभिला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कान जवळजवळ निकामी झालेले असताना, त्या हिब्रू व ग्रीक भाषांच्या अभ्यासात बुडाल्या. मूळ भाषांतून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करावा, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही तो समजावा, हा त्यांचा हेतू. शास्त्र्यांची संस्कृत जिच्या जिभेवर खेळत होती, तिने संस्कृतप्रचुर शब्द बाजूला सारून साधे शब्द निवडले. आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या हाताखालच्या स्त्रियाच होत्या. परकी अक्षरेही त्या जुळवू शिकल्या. या अनुवादाच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद आहेत. परंतु मूळ भाषांतून संपूर्ण बायबलचे भाषांतर एका स्त्रीने एकहाती सिद्ध करावे, ही जगाच्या इतिहासातही विरळा घटना आहे.

1919 साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई आईच्या आधी देवाघरी गेल्या. तो घाव उरी घेऊन रमाबाईंनी अनुवादाचे उरलेले काम संपविले आणि 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूच्या सन्निध विसावल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. 1989 साली भारत सरकारने त्यांच्या गौरवार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधारांची सेवा करीत आहे.

आपल्यासाठी बोध

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. पवित्र आत्म्याने कोणालाही आधी आपली भाषा विसरण्याची अट घातली नाही. मग आपण आपल्या मुलांना ती अट का घालावी?

इंग्रजी अवश्य शिकवावी. रमाबाईंनीही ती मन लावून शिकली व तिचा उपयोग करून दूर देशांतून आपल्या लेकींसाठी मदत आणली. परंतु हर्सूलचे जे मूल घरी दखनी वा गोरमाटी, गल्लीत मराठी आणि उपासनेत हिंदी गीत म्हणते, ते कच्चे नव्हे. त्याच्यापाशी तीन भाषांची शिदोरी आहे आणि चौथी ते शिकत आहे. ते गप्प बसले, तर त्याला काही येत नाही असे न समजता, कोणत्या भाषेत विचारले असता ते बोलेल, हे शोधावे. त्याच्या घरचा एखादा शब्द वर्गाला शिकविण्याची संधी त्याला द्यावी. त्याने अडचणीचा प्रश्न विचारला, तर रागावण्याआधी वाँटेजच्या क्रूसाची आठवण करावी.

आणि विचारणाऱ्या आईवडिलांना आमचे नम्र उत्तर असे की, घरातील भाषा बंद करू नका. रोज पहाटे नाही जमले, तरी रात्री निजताना पंधरा मिनिटे मुलाला जवळ घ्या आणि त्याच भाषेत एक गोष्ट सांगा, एक प्रार्थना म्हणवून घ्या. लक्ष्मीबाईंपाशी पाटी नव्हती, शाळा नव्हती, स्वतःचे घरही नव्हते. जे होते ते त्यांनी लेकीला आपल्या भाषेत दिले, आणि त्या बळावर ती लेक जगभर वावरली.

दयाळू पित्याने आपल्या घराघरांत ठेवलेल्या अशा मुलांना ओळखण्याची दृष्टी आपणां सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.

– संपादक